जंगलाच्या पडद्याची मागची बाजू

चंद्रपुरात शिफारस म्हणजे चिठ्ठी. वजनदार माणसाने हलक्या माणसासाठी लिहिलेली. ती खिशात असली की अर्जाला पाय फुटतात, नसली की अर्ज टेबलावरच म्हातारा होतो. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात कंत्राटावर चिकटायचं असो की बदली थांबवायची असो, लोक आधी विचारतात, शिफारस कोनाची हाय? त्यामुळे पुण्याच्या एका मासिकाने हरिदास पेंटरकडे तीन शिफारशी मागितल्या आहेत, ही बातमी जटपुरा गेटाजवळच्या रामाजीच्या चहाटपरीवर पोचली, तेव्हा टपरीवरच्या लोकांनी हरिदासकडे पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत पाहिलं.

अठ्ठावन्न वर्षांत हरिदासने शिफारशी फक्त मागितल्या होत्या. ड्रॉइंग मास्तर व्हायचं म्हणून तो तरुणपणी पाच वर्षं चिठ्ठ्या घेऊन फिरला. चिठ्ठ्या घडीवर फाटल्या, मास्तरकी काही मिळाली नाही. मग दुकानांचे बोर्ड, भिंतीवरच्या खताच्या जाहिराती आणि झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत त्याने जन्म काढला. आता बोर्ड फ्लेक्सवर छापून येतात आणि पडद्याच्या जागी दिव्यांचे मोठे स्क्रीन लागतात. हरिदासच्या ब्रशाला उरले ते कोळशाच्या ट्रकांचे नंबर. ट्रक धुळीने मळतो, नंबर पुसतो, हरिदास पुन्हा लिहितो. कोळशाने त्याचं बरंच काही नेलं होतं; हे एवढं काम तेवढं मागे ठेवलं.

रामाजीने त्या दिवशी त्याच्या चहात साय घातली आणि हळूच मेव्हण्याच्या पोराचा विषय काढला. हरिदासने त्याला समजावलं की ही तशी शिफारस नाही. कोणती कलाकृती पाहावी, कोणती वस्तू चांगली घडवलेली आहे आणि फिरायला कुठे जावं, एवढंच सांगायचं आहे.

"म्हंजे फुकटचा सल्ला," रामाजी म्हणाला.

"तसंच."

"तो तं तू इथी रोजच देतं. त्याले पुण्याहून पत्र काऊन याले पाहिजे?"

पत्र आलं होतं ते पुनममुळे. हरिदासची ही एकुलती एक लेक त्या मासिकात पानं मांडायचं काम करते. मार्चच्या विशेषांकासाठी वेगवेगळ्या भागांतल्या कलावंतांच्या शिफारशी छापायचं ठरलं, तेव्हा तिने एक नाव सुचवलं आणि ते नाव आपल्या बापाचं आहे हे सांगायचं मात्र टाळलं. म्हणजे पाहायला गेलं तर खरी चंद्रपुरी शिफारस तिनेच केली होती. पत्रात 'आदरणीय हरिदासजी' असं होतं आणि सोबत भरायचा फॉर्म. फोनवर तिचा सूर वेगळा होता. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, वेळेत पाठवायचं आणि अक्षर ट्रकासारखं काढायचं नाही, असं तिने बजावलं.

रकाने दोनच होते, पण प्रत्येक शिफारशीला. एक, काय? दुसरा, कुठे आहे, कसे जावे?

मधली शिफारस त्याने एका बैठकीत लिहून टाकली. चांगली घडवलेली वस्तू म्हणून त्याने तुंबा लिहिला. वेलीवर दुधी कोवळा असतानाच त्याच्या कमरेला दोरी बांधतात. दुधी वाढतो, दोरी वाढत नाही. मग त्याला आपोआप कंबर येते. वाळला, पोखरला, की पाणी गार ठेवणारं भांडं तयार. 'अर्धं काम माणूस करतो, अर्धं वेल करते, आणि वेल नाव सांगत नाही,' असं त्याने लिहिलं. कुठे मिळेल, तर गडचिरोलीकडच्या कुठल्याही बाजारात, म्हातारीच्या खांद्यावर. म्हातारीने विकला तर.

पहिल्या आणि तिसऱ्या शिफारशीपाशी मात्र तो अडला. सुचत नव्हतं असं नाही. दोन्हीकडे लिहायला त्याच्यापाशी एकच गोष्ट होती, आणि ती कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं.

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वडशाच्या गुणवंतरावांची नाटक कंपनी तेव्हा जोरात होती. त्यांनी हरिदासला पाच पडदे सांगितले. दरबार, रस्ता, देऊळ, गरिबाची झोपडी आणि जंगल. जंगलाचा पडदा सगळ्याच कंपन्यांचा सारखा असायचा. कॅलेंडरावरून उतरवलेला. त्यात नारळाची झाडं, मधोमध धबधबा, धबधब्यापाशी दोन हरणं आणि पाण्यात हंस. वाटेत अस्वलाला वाट देऊन, सागाच्या रानातून बैलगाडीने आलेली माणसं तिकीट काढून त्या नारळांसमोर बसायची आणि हरवलेल्या राजकन्येसाठी रडायची. जन्मात नारळाचं झाड न पाहिलेल्या माणसांना जंगल म्हटलं की नारळच लागायचा.

हरिदास तेव्हा एकतीस वर्षांचा होता, म्हणजे असल्या गोष्टींचा राग येण्याच्या वयाचा. त्याने ठरवलं, जंगल काढायचं तर खरं काढायचं. धानाच्या गोदामात मांजरपाट ताणून, सरस उकळून, वीस दिवस खपून त्याने आपलं गाव काढलं. कोसंबोडी. चंद्रपूरपासून दोन तासांवर, चाळीस घरांचं. गावाची बोडी म्हणजे लहानसं तळं, बोडीच्या बांधावरचं वारूळ, आणि घरासमोरचा मोह. तीन माणसांच्या कवेत न येणारा. मोहाखाली पहाटेचा उजेड आणि फुलं वेचणारी त्याची माय. तिचं तोंड दिसत नव्हतं. वाकलेली पाठ, बाजूला टोपली, बस.

पहिला प्रयोग एका मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, होता. जंगलाचा पडदा पडला आणि मांडवात एकदम शांतता झाली. विंगेत उभ्या हरिदासला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून ओरडला की पडदा पाडा जी, मागचं रान दिसून राह्यलं. त्याला पडदा पडलाय हेच कळलं नव्हतं. लोक हसले. आणि मागून कोणीतरी ते वाक्य बोललं, जे हरिदास पुढे जन्मभर विसरला नाही.

"अरे, हे तं आमचंच हाय. हे पाहाले तिकीट काहाले काढाचं?"

राजकन्या हरवली, पण कोणी रडलं नाही. हरवायला ती गेली होती कुठे? घराच्या मागे तर होती.

दुसऱ्या दिवशी गुणवंतरावांनी पांढऱ्या रंगाचा डबा पुढे ठेवला आणि नारळ काढायला सांगितले. माणूस वाईट नव्हता. गल्ला त्यालाही सांभाळायचा होता. हरिदासने हातापाया पडून एवढंच मान्य करून घेतलं की मोह पुसायचा नाही. पडदा उलटा करायचा आणि पाठीवर धबधबा काढायचा. तसंच झालं. पाठ पुढे आली आणि पोट मागे गेलं.

पुढे बारा हंगाम तो पडदा दोन तोंडांनी गावोगाव फिरला. समोर लोकांना नारळ आणि धबधबा. मागे, आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या नटांना, कोसंबोडी. खलनायक मोहाखाली बसून चहा प्यायचा. राजा मुकुट मांडीवर ठेवून बिडी ओढायचा. नागपूरहून येणारी नायिका म्हणायची की एंट्रीच्या आधी त्या वाकलेल्या बाईकडे पाहिलं की आवाज लागतो. समोरचे दिवे तेज झाले की कापडातून धबधबा मोहाच्या बुंध्यात उतरायचा आणि झाडातून पाणी वाहतंय असं वाटायचं. हे दृश्य तिकीट काढून कोणालाच दिसलं नाही.

मायला त्याने एकदा नेलं. विंगेतून मागे नेऊन पडद्यासमोर उभं केलं. तिने बराच वेळ पाहिलं. झाड ओळखलं, बोडी ओळखली, स्वतःलाही ओळखलं.

"काढलं ते काढलं," ती म्हणाली, "मले उभी तं काढाचं होतं."

"उभी तुले पाह्यलं कुठी मी, माय?"

ह्यावर ती इतकी हसली की बाहेरचा संवाद दबला आणि गुणवंतराव धावत आले. तिचा एक फोटोही होता. त्यात ती ताठ उभी होती. जन्मात ती ताठ उभी राहिली ती त्या फोटोपुरतीच.

पडदा काढल्यावर सहा वर्षांनी गावावर कोळशाची खाण आली. आधी कागद आले, मग मोजणीची माणसं आली, आणि मग त्यांना झाडांवर नंबर टाकायला एक पेंटर हवा होता. हरिदासचं अक्षर चांगलं. शिफारस न लागता मिळालेलं त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं सरकारी काम.

तीन दिवस तो आपल्याच गावच्या झाडांवर नंबर टाकत फिरला. पुढे तो रंगाचा डबा घेऊन, मागे रजिस्टर घेऊन एक बाबू. एक, बेहडा. दोन, साग. तीन, साग. लहानपणी ज्या चिंचेवरून पडून हात मोडला, ती एकशे सत्तर निघाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चारशे बारा झाले आणि ते दोघे हरिदासच्या घरासमोर आले. मोहासमोर.

हरिदासने बाबूला घरात चहाला पाठवलं. माय चहा ठेवत होती. तो बाहेर एकटाच ब्रश धरून उभा राहिला. नंबर पडला की झाड जातं, हे तीन दिवसांत त्याच्या डोक्यात इतकं बसलं होतं की नंबर नाही पडला तर झाड राहील, असं त्याला वाटून गेलं. शिकलेला माणूस, पण वाटून गेलं. त्याने ब्रश पुसला, आत जाऊन बाबूला सांगितलं की झालं, चारशे बाराच. बाबूने चहा संपवला, घरासमोरच्या जागेपुढे रजिस्टरात 'निरंक' असं लिहिलं आणि रेघ मारली.

झाडं सगळी गेली. नंबरवाली गेली, बिननंबरची गेली. मोह तेवढा दोनदा गेला. एकदा जमिनीवरून आणि त्याच्याही आधी कागदावरून. कोसंबोडीचा आज कुठलाही कागद काढा, हरिदासच्या घरासमोर झाड निरंक. गाव रस्त्याकडेच्या प्लॉटांवर बसवलं गेलं. माय तिथे दोन चैत्र जगली. दोन्ही चैत्रांत ती पहाटे उठून सिमेंटचं अंगण झाडून काढायची, फुलांसाठी झाडतात तसं, आणि मग टोपली घेऊन पायरीवर बसून राहायची. हरिदासने तिला कधी सांगितलं नाही की नंबर त्याने चुकवला होता. तिनेही विचारलं नाही. पण चहा तिनेच तर ठेवला होता.

तर पुण्याच्या फॉर्मवर त्याला लिहायचं होतं ते हे. कलाकृती, जंगलाच्या पडद्याची मागची बाजू. त्या मोहाचा जगातला तेवढाच एक पुरावा. आणि पुढच्या रकान्यात पत्ता हवा होता.

त्याने गुणवंतरावांना फोन लावला. कंपनी बंद होऊन वर्षं झाली होती, पण म्हाताऱ्याला एकेक पडदा पाठ होता. दरबार लग्नाच्या डेकोरेशनवाल्याने नेला. रस्ता उंदरांनी खाल्ला. देऊळ एका गावच्या गणपतीमागे लागतं. झोपडी त्यांनी स्वतःच ठेवली, गाईच्या गोठ्याला आडोसा म्हणून.

"आन् जंगल, भाऊ?"

"जंगल जिवतीले गेलं," गुणवंतराव म्हणाले. बोरीगुड्याचा धनराज म्हणून एक आदिवासी पोरगा मंडईत आला होता, त्याने कापसावर झाकायला नेलं. "काऊन रे हरिदास? इतक्या वर्षांनी नारळाची आठवन आली का तुले?"

मालकाच्या लेखी त्या पडद्याला अजूनही एकच बाजू होती.

जानेवारी संपत आला होता. हरिदासने बाजारातून निळी, जाड, नवी कोरी ताडपत्री घेतली. हिशेब साधा होता. कापसाला ताडपत्री द्यायची, आपला पडदा आणायचा, घरच्या भिंतीवर टांगायचा आणि फॉर्ममध्ये आपल्याच घराचा पत्ता लिहायचा. पुनमच्या आईने ताडपत्री हातात धरून वजन पाहिलं आणि म्हणाली की नवं देऊन फडकं आणणारा माणूस चंद्रपुरात दुसरा नसेल. पण डब्यात तिने दोन भाकरी जास्तीच्या घातल्या.

राजुरा, गडचांदूर, मग घाट चढून जिवती. ताडपत्रीने बसमध्ये एका माणसाची जागा घेतली आणि कंडक्टरने हरिदासला तेवढ्यावरून घाट संपेपर्यंत सुनावलं. जिवतीहून बोरीगुडा पाऊण तास पायी. वाटेच्या दोन्ही बाजूंनी कापूस वेचून उरलेल्या वाळक्या पऱ्हाट्या आणि मधूनमधून तूर. मोह कुठे दिसतो का, हे पाहत तो चालला होता. एक दिसला, लांब, टेकडीवर. ओळखीचा नव्हता. तरी तो थांबला.

धनराज घरी नव्हता. मिरची तोडायला तेलंगणात गेला होता. त्याची आई होती, मंगली. सत्तरीची, बारीक, पाठ वाकलेली. घरी तिची बोली गोंडी, पण बाजाराची मराठी तिला चांगली येत होती. परका माणूस ताडपत्री घेऊन दारात उभा पाहून तिला वाटलं सरकारी वाटप आलं. तिने अंगठा पुढे केला. हरिदासने सांगितलं की वाटप नाही, मी पेंटर आहे, चंद्रपूरचा, तुमच्या घरी एक पडदा आहे तो पाहायचा आहे.

"चप्पल काढून या, भाऊ," ती म्हणाली. "कापसात माती नाई पाहिजे."

घराची एकच लांब खोली होती. अर्ध्यात चूल, अर्ध्यात कापूस, आणि ठिणगी उडू नये म्हणून मधोमध तो पडदा, आढ्याला बांधलेला. चुलीकडची बाजू धबधब्याची होती. इतक्या वर्षांच्या धुराने नारळ काळे पडले होते आणि धबधब्यातून काजळी वाहत होती. हरणांचं नुसतं शिंग उरलं होतं. हरिदासला त्याचं काही वाटलं नाही. तो आला होता तो मागच्या बाजूसाठी. मंगलीने पडद्याचं टोक उचललं आणि तो वाकून पलीकडे गेला.

मोह होता. जसाच्या तसा. ऊन नाही, पाणी नाही, धूर नाही. तो पहाटेचा उजेडसुद्धा तसाच होता. बोडी होती, वारूळ होतं, माय होती. आणि मोहाच्या बुंध्यापासून थेट हरिदासच्या गुडघ्यापर्यंत कापसाची रास पडली होती. पांढरी, किंचित पिवळसर. झाडाखाली फुलांचा सडा पडावा तशी. माय त्या राशीच्या काठावर वाकली होती आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यासमोर वेचायला काहीतरी होतं.

बुंध्यावर एका ठिकाणी पाटीएवढं कापड उंदराने कुरतडलं होतं आणि तिथे मंगलीने कोरं पांढरं ठिगळ लावलं होतं. बरोब्बर छातीच्या उंचीवर. नंबर टाकतात तिथे.

तो किती वेळ बसला ते त्याला कळलं नाही. मंगलीने कोरा चहा आणून दिला आणि स्वतः राशीवर टेकली. पोराने हे झाकायला आणलं होतं, तिने सांगितलं, पण ही बाजू पाहिल्यावर तिने ते बाहेर जाऊ दिलं नाही. गेल्या वर्षी अवकाळी पावसात अंगणातला कापूस भिजला तरी दिलं नाही. पोरगा आजही त्यावरून बोलतो.

"हे तं आमचंच हाय," ती म्हणाली. "माह्या माहेरचं झाड."

हरिदासने कप खाली ठेवला. "कोनतं माहेर, बाई?"

तिने गावाचं नाव सांगितलं. सिरोंच्याच्या बाजूचं, नदीकाठचं. हरिदासने ते कधी ऐकलं नव्हतं. आता तिथे काय आहे, असं त्याने विचारलं. काही नाही, ती म्हणाली, गाव उठलं, ती लग्न होऊन इकडे आली त्याच्या पुढच्या वर्षी. मग तिने बोट उचलून वाकलेल्या बाईकडे दाखवलं.

"आन् हे माही माय."

तिला शंका नव्हती. हरिदासच्या तोंडाशी सगळं आलं होतं. कोसंबोडी, गोदाम, सरस, वीस दिवस, बाबू, निरंक. पण त्यातलं त्याने एकच सांगितलं.

"बाई, हे म्या काढलं."

मंगलीने त्याच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे, ह्या वेळी जरा जवळून. खोटं बोलणारा माणूस एवढ्या लांब ताडपत्री घेऊन येत नाही, एवढं तिला कळत होतं.

"मंग तुम्ही आमच्या गावाले आलते?"

बाहेर कोंबडं कोणीतरी हाकललं. हरिदासला मांडवातला तो आवाज आठवला. हे तं आमचंच हाय. सत्तावीस वर्षं तो ती टिंगल समजून जगला होता.

"आलतो," तो म्हणाला. "एकदा आलतो."

"तवाच," मंगली म्हणाली, आणि समाधानाने कप उचलून घेऊन गेली.

ताडपत्री त्याने तिथेच ठेवली. पुढच्या अवकाळीत कापूस भिजायला नको, आणि पोराचं बोलणंही थांबेल. निघताना त्याने परवानगी मागितली, की पुण्याकडचे लोक कदाचित हे पाहायला येतील. येऊ दे, ती म्हणाली. चप्पल काढून.

घरी तो रिकाम्या हाताने आला, तेव्हा पुनमच्या आईने आधी पाण्याचा तांब्या दिला. ताडपत्री कुठे आहे एवढंच पाहिलं, आणि भाकरी वाढली.

फॉर्म त्याने त्याच रात्री भरला. पहिली शिफारस: जंगलाचा पडदा, मागची बाजू. मुक्काम बोरीगुडा, तालुका जिवती. घरात कापूस असेल तोवरच पाहावा. चप्पल काढून जावे. झाड कुणाचे हे मंगलीबाईंना विचारू नये, त्या सांगतीलच, आणि त्या सांगतील ते खरे धरावे. तिसरी शिफारस, प्रवासाची: कोसंबोडी. चैत्रात, पहाटे. कसे जावे, ह्या रकान्यात त्याने लिहिलं: जाता येत नाही.

आठवड्याने पुनमचा फोन आला. तिच्या संपादकांना बाकी सगळं आवडलं होतं, पण जिथे जाता येत नाही अशा जागेची शिफारस कशी छापायची, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी ताडोबा सुचवलं होतं. कोसंबोडी गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती, आणि मोहाखाली आजीच्या टोपलीत झोपायची.

"त्याईले सांग," हरिदास म्हणाला, "जिथी जाता येते तिथी लोकं आपल्या पायानं जातेत. शिफारस तं जिथी जाता येत नाई तिथलीच लागते. चंद्रपुरात कोनालेही विचारा म्हनाव."

पुनम म्हणाली, "लढतो मी, बाबा." घरी मुलगा नाही म्हणून लहानपणी ती स्वतःला मुलगाच म्हणवून घ्यायची, अजून कधीकधी तोंडातून निसटायचं.

ती लढली. मार्चमध्ये अंक आला, त्यात कोसंबोडी होती, 'जाता येत नाही'सकट. पण पानं मांडली पुनमने आणि फोटो निवडले दुसऱ्याच कोणीतरी. हरिदासच्या मजकुराच्या डोक्यावर अर्धं पान भरून एक जंगल छापलं होतं. हिरवंगार. मधोमध धबधबा. हरिदासने चष्मा लावून नीट पाहिलं. हंस तेवढा नव्हता.

तो हसला तो असा, की पुनमची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

अंकाचं ते पान रामाजीने मागून घेतलं आणि टपरीच्या काचेवर आतून चिकटवलं, फोटो बाहेरच्या बाजूला करून. गिऱ्हाइकं चहा पिता पिता धबधबा पाहायची आणि जंगल असावं तर असं, म्हणायची. हरिदासचं नाव खाली बारीक होतं, तरी रामाजी ते बोटाने दाखवायचा. आतल्या बाजूने, शेगडीपाशी, पानाची पाठ दिसायची. तिथे कुठल्याशा गादीची जाहिरात होती, बरीचशी कोरी.

एके सकाळी ट्रकांचं काम सुरू करायच्या आधी हरिदास आपला बारका ब्रश आणि काळ्या रंगाची डबी घेऊन काउंटरच्या आत शिरला. रामाजीला वाटलं, गादीवरच्या माणसाला मिश्या काढतो. त्याने काढू दिल्या. दुधाला तीन उकळ्या येईपर्यंत त्या कोऱ्या जागेवर एक झाड उभं राहिलं होतं. खाली बाई काढली होती. ह्या वेळी ती उभी होती, टोपली कमरेवर, मान वर करून झाडाकडे पाहणारी. शेवटी हरिदासने बुंध्यावर, छातीच्या उंचीवर, ट्रकाचा नंबर लिहितो त्याच नीटस अक्षरात तीन आकडे टाकले. चारशे तेरा.

रामाजी गाळणी हातात धरून पाहत होता. त्याच्या लेखी नंबर एकाच गोष्टीचा असतो, फोनचा.

"हा नंबर अपुरा हाय, हरिदास. पुढचे आकडे?"

"नाई. एवढाच हाय."

"मंग लागन कसा तो?"

हरिदासने ब्रश पुसला. काचेबाहेर चैत्राचं ऊन चढायला लागलं होतं, आणि मोह असता तर एव्हाना फुलं वेचून झाली असती.

"लागत नाई," तो म्हणाला. "मी लावून राह्यलो कवापासून."